पिल्ले एकमेकांना का टोचतात?

गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न आमच्याकडे निरनिराळ्या घरांतून आला. नातवाने गानमधून, नाहीतर मोशावमधल्या एखाद्या ओळखीच्या घरून कोंबडीची दहाबारा पिल्ले आणली. पहिले आठ दिवस कौतुकात गेले. मग एका सकाळी पाहावे तो एका पिल्लाच्या शेपटीजवळ रक्त आणि बाकीची सगळी त्याच्या मागे लागलेली. एका आजींनी तर सरळ विचारले, "आमच्या गावी दारात कोंबड्या होत्या, पिल्लांचे लेंढार होते. पण पिल्लू पिल्लाला खाताना मी कधी पाहिले नाही. इथलीच पिल्ले अशी दुष्ट का?"

प्रश्न रास्त आहे, आणि वेळेवर लक्ष दिले नाही तर गोष्ट हातची जाते. सकाळी एक पिल्लू जखमी दिसते, संध्याकाळपर्यंत ते मेलेले असते आणि दुसरे जखमी झालेले असते. हे सारे नातवंडांच्या डोळ्यांदेखत घडते. म्हणून या अंकात जरा विस्ताराने लिहीत आहोत.

आधी आजींच्या गावाकडे जाऊ. अलिबाग, पेण, रेवदंडा, मुरूड या भागांत ज्यांचे लहानपण गेले त्यांना आठवत असेल, तिथे पिल्लांपाठीमागे आई होती. खुडूक कोंबडी एकवीस दिवस अंड्यांवर बसायची. पिल्ले पायांवर उभी राहिली की त्यांना घेऊन परसात, उकिरड्यावर जायची. पायाने माती उकरायची, एखादा दाणा नाहीतर किडा चोचीत धरून पुन्हा खाली टाकायची आणि टुक टुक असा आवाज करायची. पिल्ले धावत येऊन त्याच जागी चोच मारायची. चोच मारण्याची ओढ पिल्लाला जन्मतःच असते, पण ती कशावर मारायची हे त्याला शिकावे लागते. आई हा धडा दिवसातून शेकडो वेळा द्यायची. पिल्ले दमली की तिच्या पंखांखाली शिरायची. तिथे ऊब असायची आणि अंधारही असायचा. झोपलेले पिल्लू जाग्या पिल्लाच्या नजरेला पडायचेच नाही. रात्री आईसकट सगळ्यांना डालग्याखाली झाकले की सकाळपर्यंत शांतता.

आता पुठ्ठ्याच्या पेटीतल्या पिल्लांकडे पाहा. वर रात्रंदिवस झगझगीत दिवा, खाली वर्तमानपत्र, चारी बाजूंना कोऱ्या भिंती. उकरायला माती नाही, शोधायला किडा नाही, लपायला पंख नाही. चोचीची ओढ मात्र तेवढीच आहे. चमकणारे, हलणारे, वेगळ्या रंगाचे असे त्या पेटीत काय असते? भावंडांची बोटे, डोळे आणि पिसे. पिल्लू तिथेच टोचते. संशोधकांनाही असेच आढळले आहे, की आईखाली किंवा अंधाऱ्या उबदार आडोशाखाली वाढलेली पिल्ले मोठेपणीसुद्धा एकमेकांची पिसे कमी उपटतात. तेव्हा पिल्ले टोचू लागली की ती दुष्ट आहेत असे न समजता, आईकडून मिळणारी कोणती गोष्ट पेटीत नाही, हे शोधावे.

गावी सगळेच छान होते असे मात्र नाही. घार होती, मुंगूस होते, आणि मानमोडी आली की आळीतली खुराडी रिकामी व्हायची. (हिंदुस्थानात तिला रानीखेतही म्हणतात. इथे त्याच रोगाला न्यूकॅसल म्हणतात आणि त्याची लस असते. आपल्या भागातल्या वेतेरिनारला त्याविषयी जरूर विचारावे.) त्या पिल्लांना मरणाची इतर कारणे होती, एवढेच.

प्रत्येक टोचणे वाईट नसते, हेही सांगायला हवे. दोनतीन आठवड्यांची पिल्ले एकमेकांसमोर छाती फुगवून उभी राहतात, मानेची पिसे फुलवतात, उडी मारून छातीला छाती भिडवतात आणि क्षणात सारे विसरून दाणे टिपू लागतात. हा खेळ आहे. त्यातून कोण वरचा, कोण खालचा हे हळूहळू ठरत जाते. कोंबड्यांमधली ही उतरंड नॉर्वेच्या श्येल्डरुप-एब्बे या अभ्यासकाने १९२० नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत प्रथम नीट मांडली. त्याला लहानपणापासून कोंबड्या न्याहाळण्याचा नाद होता. पहिली कोंबडी सर्वांना टोचते, दुसरी पहिली सोडून बाकीच्यांना, आणि शेवटची बिचारी कोणालाच नाही. एकदा हा क्रम ठरला की भांडणे कमी होतात. म्हणून आपण प्रत्येक झटापटीत मध्ये पडू नये.

काळजी करायची ती पुढील गोष्टी दिसल्या तर. एकाच पिल्लाला सगळी मिळून टोचत आहेत. ते कोपऱ्यात डोके खुपसून उभे आहे. त्याला दाण्यापाशी किंवा पाण्यापाशी येऊ देत नाहीत. पाठीवर, शेपटीवर किंवा पंखांवर पिसे गेलेली जागा दिसते. आणि रक्त. रक्ताचा एक थेंबही दिसला तर ते काम उद्यावर टाकू नये. लाल रंगाकडे पिल्लांची चोच आपोआप वळते, आणि एकाने सुरू केले की बाकीची त्याचे पाहून शिकतात.

कोणत्या वयात कुठे टोचतात यावरूनही बरेच कळते. पहिल्या आठवड्यात रोख बहुधा पायाच्या बोटांवर असतो. कातडी इतकी पातळ असते की आतली रक्ताची रेघ दिसते, आणि गुळगुळीत कागदावर ती बोटे एखाद्या किड्यासारखी वळवळतात. अशा वेळी पिल्लांना दाणे सापडत नाहीत असेही असू शकते. दाणे खोलगट भांड्यात दूर न ठेवता पहिले दोन दिवस खरखरीत कागदावर किंवा अंड्यांच्या पुठ्ठ्यावर पसरून ठेवावे आणि बोटाने टकटक करून दाखवावे. आपले बोट म्हणजे आईची चोच. हे काम नातवंडांना द्यावे, ती आनंदाने करतात.

याच दिवसांत काही पिल्लांच्या शेपटीखाली विष्ठा चिकटून वाळते. ती वाळकी गाठ दुसऱ्यांना खुणावते आणि तिथे टोचून मोठी जखम होते. कोमट पाण्यात कापूस भिजवून ती जागा मऊ करावी, हलक्या हाताने पुसावी, ओढून काढू नये, आणि पिल्लू पूर्ण कोरडे झाल्यावरच परत सोडावे.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लव जाऊन खरी पिसे येऊ लागतात. नव्या पिसाच्या नळीत रक्त असते. असे पीस तुटले की थेंब बाहेर येतोच. या आठवड्यांत पेटीकडे दिवसातून चारपाच वेळा डोकावणे चांगले.

आता मुख्य कारणाकडे येतो. आमच्या पाहण्यात इथे इस्राएलमध्ये, विशेषतः दक्षिणेकडच्या गावांत, बहुतेक वेळा दोष उष्णतेचा निघतो. पुस्तकात लिहिलेले असते की पहिल्या आठवड्यात दिव्याखाली ३२ ते ३५ अंश ऊब हवी आणि पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करत २१ अंशांपर्यंत यावे. हे बरोबर आहे. पण लोक पिल्ले आणतात वसंतात, आणि वसंतातच शाराव वाहतो. बेर शेवा किंवा दिमोनाला बाहेरच ३८-४० अंश झाले असताना पेटीवर दिवा चालू असेल तर ती पेटी राहत नाही, भट्टी होते. तापलेली पिल्ले चिडतात आणि एकमेकांवर तुटून पडतात. शिवाय बाजारात मिळणारा २५० वॉटचा दिवा मोठ्या लूलसाठी असतो. दहा पिल्लांच्या छोट्या पेटीला तो फार होतो.

थर्मामीटर असला तर उत्तम, नसला तरी पिल्ले सांगतात. ती दिव्याखाली ढीग करून केविलवाणी ओरडत असतील तर त्यांना थंडी वाजते. दिव्यापासून दूर, भिंतींना चिकटून, चोच उघडी टाकून धापा टाकत असतील तर उकडते आहे. पेटीभर पसरून कोणी खाते आहे, कोणी झोपले आहे आणि मंद किलबिल चालू आहे, तर ऊब ठीक आहे. दिवा पेटीच्या मधोमध न टांगता एका टोकाला टांगावा, म्हणजे दुसरे टोक थंड राहते आणि ज्याला जे हवे ते घेता येते. शारावच्या दिवसांत दुपारी दिवा बंद ठेवावा आणि रात्री हवा पाहून लावावा. नेगेवमध्ये दिवस कितीही तापला तरी रात्र गार होऊ शकते हे आपण जाणतोच.

दिवा लावायचाच तर तांबडा लावावा. तांबड्या उजेडात रक्त वेगळे उठून दिसत नाही. पांढऱ्या प्रखर उजेडात पिल्ले अस्वस्थ होतात, त्यांना झोपही मिळत नाही. त्याहून चांगली म्हणजे पायांवर उभी असलेली विजेची उबदार पाटी. पिल्ले तिच्याखाली शिरतात, तिथे अंधार असतो, अगदी आईच्या पंखांसारखा. शिवाय दिवा भुशात पडून आग लागण्याची भीती पाटीने बरीच कमी होते. आपल्या वयाच्या माणसांनी हा विचार करावा. दिवा वापरत असाल तर तो नुसत्या दोरीवर न टांगता साखळीने दोन ठिकाणी बांधा. आणि पेटी जमिनीवर न ठेवता टेबलावर ठेवा, म्हणजे वाकावे लागत नाही आणि चष्मा लावून नीट पाहता येते.

दाटीविषयी थोडक्यात. पहिल्या आठवड्यांत वीस पिल्लांना निदान एक चौरस मीटर जागा हवी, आणि महिना झाला की त्याच्या दुप्पट. पिल्लू झपाट्याने वाढते. पहिल्या दिवशी मोकळी वाटलेली पेटी तिसऱ्या आठवड्यात शब्बाथच्या गर्दीच्या बससारखी होते. (शब्बाथला बस नसते, शुक्रवारी दुपारची म्हणू या.) दाण्याची आणि पाण्याची भांडी दोन-दोन ठेवावी आणि एकमेकांपासून दूर ठेवावी. एकच भांडे असले की एखादे दांडगट पिल्लू त्यावर पहारा करते. दोन भांड्यांवर एकाच वेळी पहारा करणे त्याला जमत नाही.

खाण्याचेही तसेच. लहान पिल्लाच्या खाद्यात १८ ते २० टक्के प्रथिने लागतात. नुसता मका, तांदळाची कणी किंवा पावाचा चुरा यावर पिल्लाचे पोट भरते, पण पिसे घडवायला लागणारी प्रथिने मिळत नाहीत. मग ते भावंडांची पिसे उपटून खाऊ लागते. मीठ कमी पडले तरी असेच होते. तयार पिल्लांच्या खाद्यात दोन्ही मोजून घातलेली असतात, म्हणून वेगळे मीठ आपण घालू नये, थोडे जास्त झाले तरी ते विष ठरते. आणि अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे खाद्य पिल्लांना देऊ नये. त्यात चुना फार असतो, तो त्यांच्या मूत्रपिंडांना बाधतो.

इथे आपल्या घरांतली एक खास अडचण येते. पिल्लांच्या तयार खाद्यात पुष्कळदा गहू किंवा जव असतो, म्हणजे पेसाहच्या दिवसांत ते हामेत्स. हामेत्स जनावराला घालणेही चालत नाही. म्हणून काही घरांत सणाच्या आधी ते खाद्य काढून टाकतात आणि आठ दिवस पिल्लांपुढे नुसता भरडलेला मका ठेवतात. सण संपतो न संपतो तोच पाठी उघड्या पडलेल्या दिसतात आणि दोष पिल्लांच्या जातीला दिला जातो. यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे पिल्ले पेसाहनंतर आणावी. आधीच आणलेली असतील तर मका आणि सोयाबीन यांचेच, गहू-जव नसलेले खाद्य मिळते का ते दुकानात चौकशी करून पाहावे आणि कितनियोतसंबंधी आपल्या रब्बींना विचारून घ्यावे. त्याच्या जोडीला उकडलेले अंडे बारीक कुस्करून द्यावे. कोंबडीच्या पिल्लाला कोंबडीचेच अंडे, हे ऐकून पुष्कळांना कसेसेच होते. पण कच्चे न देता उकडून, ओळखू येणार नाही असे बारीक करून दिले तर काही बिघडत नाही. उरलेले मात्र तासाभरात उचलावे, उष्ण हवेत ते नासते.

आता चोचीला काम देण्याविषयी. आम्हाला यातच सर्वांत जास्त मजा वाटते, आणि यात पैसा लागत नाही. पेटीत वर्तमानपत्राऐवजी लाकडाचा जाड भुसा किंवा बारीक कापलेला पेंढा पसरावा आणि मूठभर दाणे त्यातच विखरावे, म्हणजे उकरून शोधता येतात. दुसऱ्या आठवड्यापासून कोबीचे पान किंवा पालकाची जुडी दोरीने पिल्लांच्या डोक्याच्या उंचीवर टांगावी. हिवाळ्यात पावसानंतर रस्त्याच्या कडेला उगवणारा खुबेझाही चालतो, फक्त औषध न फवारलेल्या जागेचा घ्यावा. (अंडी देणाऱ्या कोंबड्यांनी खुबेझा फार खाल्ला तर साठवलेल्या अंड्यांचा पांढरा बलक गुलाबी होतो. पिल्लांना ती भीती नाही.) हिरवे द्यायला लागलात की बारीक वाळू ताटलीत ठेवा. कोंबडीला दात नाहीत, पोटातल्या खड्यांनीच ती दळते. मुळांसकट गवताचा एक ढेकूळ आणून पेटीत ठेवला तर पिल्ले सबंध दिवस त्याच्यामागे असतात. एका कोपऱ्यात कोरडी माती लोळायला, आणि चार बोटे उंचीवर एखादी काठी चढून बसायला. मार खाणाऱ्याला पळून जायला वर जागा असावी.

आडोसाही हवा. एका बाजूने उघडे असे खोके उलटे करून ठेवले तरी पुरे. दुबळ्या पिल्लाला दृष्टीआड होता आले की निम्मे भांडण मिटते.

एवढे करूनही रक्त आले तर काय करावे? जखमी पिल्लाला लगेच बाहेर काढावे. मेलेले असेल तर तेही तत्काळ काढावे, तसेच राहिले की बाकीच्यांना चटक लागते. जखम कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून धुवावी. रक्त थांबत नसेल तर स्वच्छ कापसाने दाबून धरावे आणि मक्याचे पीठ, म्हणजे कॉर्नफ्लोअर, दाबून लावावे. हळद लावावी का, असे बऱ्याच जणी विचारतात. धुतलेल्या जखमेवर चिमूटभर हळद लावायला आमची हरकत नाही, मात्र ती तेलातुपात कालवू नये. पिसे तेलकट होतात आणि पिल्लाला ऊब धरता येत नाही. पूर्वी जांभळे औषध, जेन्शियन व्हायोलेट, सर्रास लावत. त्याने लाल रंग झाकला जाई. पण ज्या पक्ष्यांची अंडी किंवा मांस पुढे खायचे आहे त्यांना ते लावणे आता योग्य मानत नाहीत. जखम खोल असेल, आतला भाग दिसत असेल, तर घरी प्रयोग न करता वेतेरिनारकडे जावे.

जखमी पिल्लाला वेगळे ठेवायचे ते त्याच पेटीत जाळी लावून, बाकीच्यांना दिसेल असे. दुसऱ्या खोलीत आठ दिवस ठेवलेत तर परत आल्यावर ते परके होते आणि पुन्हा मार खाते. जखम पूर्ण भरून नवी पिसे दिसू लागल्यावरच जाळी काढावी.

टोचणारे एकच पिल्लू असेल तर उलट करावे. तासभर शांत बसून पाहिले की कोण ते कळते. त्या दांडगटाला काढून तीन दिवस दुसरीकडे, दिसणार नाही असे ठेवावे. तोवर मागे राहिलेल्यांचा क्रम नव्याने बसतो आणि परत आल्यावर त्याचा तोरा उतरलेला असतो. जातीप्रमाणेही फरक पडतो. हलकी, पांढरी लेगहॉर्न चपळ आणि बुजरी, तर जड तपकिरी जातीची पिल्ले सहसा शांत. एकाच पेटीत लहानमोठ्या वयाची किंवा नऊ काळी आणि एक पांढरे अशी पिल्ले एकत्र ठेवली तर वेगळे दिसणाऱ्यावर संक्रांत येते. कोठे कारणच सापडत नसेल तर पिसे बाजूला सारून उवा किंवा गोचिडी आहेत का पाहावे.

मोठ्या कारखान्यांत पिल्लांच्या चोचीचे टोक कापतात हे ऐकून काहींनी घरी नखांच्या कात्रीने तसे करावे का असे विचारले. कृपा करून करू नका. चोच नखासारखी दिसते, पण तिच्या आत नसा आहेत आणि पिल्लाला वेदना होतात. जनावराला विनाकारण दुःख देऊ नये ही शिकवण आपल्याला लहानपणापासून आहे. दहाबारा पिल्लांच्या पेटीत चोच कापण्याची वेळ येतच नाही.

शब्बाथसाठी दोन शब्द. शुक्रवारी दुपारी मेणबत्त्यांच्या वेळेआधी प्रत्येक पिल्लू हातात घेऊन उलटेसुलटे पाहून घ्यावे आणि संशयित असेल ते तेव्हाच जाळीपलीकडे ठेवावे. दिवा शब्बाथच्या घड्याळावर लावला असेल तर तो मध्यरात्री बंद पडणार नाही याची खात्री करावी. शब्बाथच्या दिवशीच रक्त दिसले तर पिल्लाला हात लावण्यासंबंधी काय करता येते, हे आपल्या रब्बींना आधीच विचारून ठेवावे. तेव्हा फोन करता येणार नाही.

पिल्लांना हात लावल्यावर साबणाने हात धुवावे आणि नातवंडांनाही धुवायला लावावे. पिल्लांच्या विष्ठेत साल्मोनेलाचे जंतू असू शकतात आणि ते लहान मुलांना व आपल्यासारख्या वयस्कांना अधिक त्रास देतात. पिल्लाचा मुका घेणे मुळीच नको, ते कितीही गोजिरवाणे दिसो.

शेवटची टोचाटोची होते ती पिल्ले तलंगा होऊन मोठ्या कोंबड्यांत मिसळताना. ती घाई करू नये. दहाबारा आठवड्यांची होऊन अंगाने बरोबरीला येईपर्यंत थांबावे. दोन आठवडे लूलमध्येच जाळीच्या पलीकडे ठेवावे, म्हणजे एकमेकांना पाहण्याची सवय होते. मग एकटीदुकटी न सोडता सगळ्या एकदम, रात्री अंधार पडल्यावर काठीवर बसवाव्या आणि सकाळी उजाडताच आपण तिथे हजर राहावे. दाण्याचे एक जादा भांडे ठेवावे. जुन्या कोंबड्या दोनचार दिवस त्यांना हुसकतील, एखादी चोच मारतील. रक्त येत नसेल तोवर खुर्ची टाकून नुसते पाहत बसावे.